कवळीच्या वाटीपासून

आजीची कवळी रात्री स्टीलच्या वाटीत, पाण्यात बुडवलेली असे. सकाळी चहाआधी ती बोटांनी चोळून धुवायची आणि तोंडात बसवायची. पहिली काही वर्षं तिनं त्या कवळीवर भाकरीसुद्धा खाल्ली. पुढे खालची कवळी सैल झाली. बोलताना उचलली जायची, टकटक वाजायची. आतून थर भरून आणला की काही दिवस बरं, मग पुन्हा तेच. घरात सगळे म्हणत, कवळी बिघडली. खरं तर झिजत होतं खालचं हाड. दात गेला की त्याला धरून ठेवणाऱ्या हाडाला काम उरत नाही आणि ते वर्षानुवर्षं कमी होत जातं. हिरडीवर टेकलेली कवळी ही झीज थांबवू शकत नाही.

या कवळीसाठी माणसानं काय काय वापरलं! हस्तिदंत, पाणघोड्याचे दात. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या कवळ्यांत माणसांचेही दात होते. १८१५च्या वॉटर्लूच्या लढाईत पडलेल्या सैनिकांचे दात काढून कवळ्यांसाठी विकले गेले. १८५०च्या दशकात कडक रबर आलं, १९३०च्या दशकाअखेरीस अ‍ॅक्रिलिक आलं आणि कवळी स्वस्त झाली. हाडाचा प्रश्न मात्र तिथेच राहिला.

त्याचं उत्तर सापडलं ते दुसरंच काही शोधताना. स्वीडनचे संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५२च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेलं टायटॅनियमचं छोटं उपकरण प्रयोग संपल्यावर निघेना. हाड धातूला घट्ट धरून वाढलं होतं. १९६५ साली त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात दातांना आधार म्हणून टायटॅनियमचे स्क्रू, म्हणजे इम्प्लांट, बसवले. लार्सन यांच्या जबड्यात जन्मापासूनच व्यंग होतं. २००६ साली ते वारले, तोवर चाळीस वर्षं ते इम्प्लांट काम देत होते. एवढं होऊनही दंतवैद्यकाच्या जगानं ही पद्धत मनापासून स्वीकारली ती १९८२च्या टोरांटो परिषदेनंतर. हाडाला चावण्याचा भार पुन्हा मिळवून देणारा हा पहिला टिकाऊ उपाय, आणि माझ्या मते गेल्या शतकातलं दातांच्या बाबतीतलं सर्वांत मोठं काम. मात्र हाड आणि धातू एकजीव व्हायला बहुधा काही महिने लागतात. मधुमेह आटोक्यात नसेल किंवा विडी-सिगारेट चालू असेल, तर इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. हे आधी स्पष्ट सांगणारा डॉक्टर भेटला तर त्याला सोडू नका.

सौंदर्याची वाट वेगळी. १९३०च्या आसपास हॉलिवूडमध्ये दंतवैद्य चार्ल्स पिंकस नटनट्यांच्या दातांवर पातळ पापुद्रे चिकटवून देत. शूटिंग संपलं की ते काढून ठेवायचे, कारण पक्कं चिकटवण्याची सोय नव्हती. ती सोय केली १९५५ साली दंतवैद्य मायकेल ब्यूनोकोर यांनी. रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत धातूवर फॉस्फोरिक आम्ल लावतात, हे त्यांना ठाऊक होतं. तेच त्यांनी दाताच्या वरच्या कठीण थरावर, म्हणजे एनॅमलवर, लावून पाहिलं. आम्लानं पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत होतो आणि त्यात रेझिन रुतून बसतं. आज समोरच्या तुटक्या दाताला एका बैठकीत कंपोझिट लावून मिळतं ते या शोधामुळे. १९८०च्या दशकात पोर्सिलेनचे पक्के चिकटणारे पापुद्रे, म्हणजे व्हेनियर, त्याच तत्त्वावर आले.

आणि इथे मला काळजी वाटते. आजीच्या पिढीचे दात किडून, हलून गेले. आता लग्नाच्या फोटोंसाठी पंचविशीतल्या मुलामुलींचे धडधाकट दात तासले जाताना दिसतात. व्हेनियरसाठी थोडं एनॅमल जातं, पूर्ण कॅपसाठी चहूबाजूंनी बरंच जास्त. एनॅमल एकदा गेलं की गेलं, शरीर ते पुन्हा तयार करत नाही. शिवाय व्हेनियर काय, कॅप काय, कधी ना कधी बदलावी लागते आणि दात पुन्हा उघडा पडतो.

दात नुसते पिवळे असतील तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ब्लीचिंग आहे, वाकडे असतील तर तारा आहेत. म्हणून खुर्चीत आडवं होण्याआधी एवढं जरूर विचारा: माझा दात किती तासणार, आणि न तासता हे होईल का?