पाहुणा शल्यवैद्य आणि घरचे हात

दानाचा हिशेब विचारू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. तरीपण आज एका दानाचा हिशेब मांडावयाचा आहे. श्रीमंत देशांतील शल्यवैद्य स्वतःची रजा खर्चून गरीब देशांत जातात, आठ-पंधरा दिवस विनामूल्य शस्त्रक्रिया करतात आणि परततात. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, ते गेल्यानंतर मागे काय उरते?

प्रथम गरज किती ते पाहू. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१५ साली दाखवून दिले की, जगातील सुमारे ५ अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर मिळत नाही. ही उणीव भरून काढण्यास दरवर्षी आणखी १४ कोटी ३० लाख शस्त्रक्रिया व्हावयास हव्यात. पाहुण्यांच्या रजेतून हा आकडा गाठला जाणार नाही, हे उघड आहे.

शिवाय शस्त्रक्रिया म्हणजे केवळ सुरी चालविणे नव्हे. भूल देणारा हवा, हत्यारे निर्जंतुक करणारा हवा, रात्री रोग्याजवळ जागणारी परिचारिका हवी. आठव्या दिवशी जखम चिघळली तर पाहुणा तोवर आपल्या घरी पोहोचलेला असतो. निस्तरावयाचे ते तेथल्या तुटपुंज्या पगारावरील नोकरवर्गाने. भेट दिलेल्या यंत्राचीही तीच गत. सुटे भाग मिळत नाहीत, विजेचा दाब कमीजास्त होतो, दुरुस्ती जाणणारा कोणी नसतो. मग ते यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडते.

यातून वाट कशी निघते, हे नेपाळात पाहावयास मिळते. नेत्रशिबिर आपल्या परिचयाचे आहे. जुन्या शिबिरांत मोतीबिंदू काढून जाड भिंगांचा चष्मा देत. चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळ्यासारखाच. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शिकलेले नेपाळी नेत्रवैद्य संदुक रुइत यांनी डोळ्यातच कृत्रिम भिंग बसविण्याची पद्धत खेड्यापाड्यांतील शिबिरांत नेली. त्यांना ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य फ्रेड हॉलोज यांची साथ मिळाली. या मदतीचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. हॉलोज १९९३ साली वारले. पुढच्याच वर्षी काठमांडूत तिलगंगा येथे नेत्रकेंद्र उभे राहिले, आणि त्याला जोडून भिंगांचा कारखानाही निघाला. परदेशी भिंगाची किंमत शंभर डॉलरांहून अधिक होती. नेपाळी कामगारांच्या हातचे भिंग पाच डॉलरांच्या आसपास पडू लागले. ज्याला ऐपत आहे तो पैसे देतो, त्यातून गरिबाची शस्त्रक्रिया होते. आज इतर देशांतले वैद्य तेथे शिकावयास येतात.

दुसरे उदाहरण इथिओपियाचे. रेजिनाल्ड आणि कॅथरिन हॅम्लिन हे वैद्य दांपत्य १९५९ साली थोड्या वर्षांच्या करारावर अदिस अबाबाला गेले आणि तेथेच राहिले. प्रसूती अडल्यामुळे मूत्राशयाला छिद्र पडून ज्या स्त्रियांचे मूत्र सतत झिरपते, आणि म्हणून ज्यांना घर-गाव दूर लोटते, त्यांच्यासाठी त्यांनी १९७४ साली स्वतंत्र रुग्णालय काढले. ममितू गाशे ही त्यांच्याकडे रुग्ण म्हणून आलेली निरक्षर खेडूत मुलगी. ती बिछाने घालता घालता हत्यारे हाती देऊ लागली, पुढे स्वतः शस्त्रक्रिया करू लागली आणि शिकून आलेल्या वैद्यांना ती कला शिकवू लागली. २००७ साली तेथे सुईणींचे महाविद्यालय निघाले. त्यामागे विचार असा की, गावात शिकलेली सुईण असेल तर मुळात हे दुखणेच उद्भवू नये.

आम्हां कामगार संघटनेच्या माणसांना यात नवल वाटत नाही. बाहेरचा पुढारी सभा गाजवून गेला म्हणजे युनियन उभी राहत नाही. खात्यातलाच एखादा माणूस वर्गणी गोळा करू लागला, हिशेब ठेवू लागला, साहेबापुढे बोलू लागला, म्हणजे ती उभी राहते. कसब आणि जबाबदारी स्थानिक माणसाच्या हाती गेली पाहिजे.

तेव्हा अशा कार्याला आपण वर्गणी देत असाल, तर चार प्रश्न अवश्य विचारा. तेथल्या रुग्णालयानेच बोलावले आहे काय? हे पथक वर्षानुवर्षे त्याच ठिकाणी जाते की दरवेळी नव्या गावी? पाहुणे परतल्यावर रोग्याची देखभाल कोण करणार, आणि त्याच्या पगाराची तरतूद काय? पहिल्या वर्षी पाहुण्याने सुरी धरली व स्थानिक वैद्याने साहाय्य केले, तर तिसऱ्या वर्षी ही अदलाबदल झाली काय?

किती शस्त्रक्रिया केल्या, हा आकडा अहवालात हमखास असतो. किती जणांना शिकविले, हा आकडाही त्याच्याशेजारी छापावा. पुढच्या वर्षी पाहुणा आला नाही तरी रोग्याचे अडणार नाही, याची खात्री त्या दुसऱ्या आकड्यावरूनच पटेल.