आपोआप उडणाऱ्या ड्रोनलाही नियम आहेत

रायपूरच्या गोल बाजारात लग्नाचा बस्ता बांधताना फोटोग्राफर म्हणाला, ड्रोन आपोआप मागे येतो, मग पायलटचा कागद कशाला?

तसं नाही. ड्रोन नियम 2021च्या व्याख्येत स्वतःहून उडणारे ड्रोनही येतात.

आधी वजन बघा. 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, त्याला पायलट प्रमाणपत्र नको. पुढे 2 किलोपर्यंत मायक्रो. हौसेसाठी तिथेही नको, पण लग्नाचं शूटिंग पैसे घेऊन केलं की हवंच! नोंदणी क्रमांक मात्र नॅनोलाही लागतो.

हवाई नकाशावरच्या ग्रीन झोनमध्ये 400 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही; विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंतच. रायपूरला माना विमानतळ आहेच, तेव्हा नकाशा बघूनच उडवा.

नियम मोडला तर दंड 1 लाख रुपयांपर्यंत.

तुमचा ड्रोन कुठल्या गटात बसतो? वजन कमेंटमध्ये टाका, सांगतो.