स्थिर म्हणजे न हलणारे?

स्थिर म्हणजे काय, असे वर्गात विचारले तर 'न हलणारे' असे उत्तर हमखास येते. ते अपुरे आहे. मोठ्या चौकटी आखलेला कागद आणि मूठभर चिंचोके घेतले तर हे पटवून देता येते.

ब्रिटिश गणिती जॉन कॉनवे यांचा 'लाइफ' हा खेळ मार्टिन गार्डनर यांनी १९७० मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातून लोकांपुढे आणला. सेल्युलर ऑटोमॅटा नावाच्या गणिती रचनांपैकी ही सर्वांत परिचित. चिंचोका असलेले घर जिवंत, रिकामे घर मृत. प्रत्येक घराला आडवे, उभे, तिरपे मिळून ८ शेजारी. नियम दोनच. जिवंत घराला २ किंवा ३ जिवंत शेजारी असतील तरच ते पुढच्या पिढीत टिकते. रिकाम्या घराला नेमके ३ जिवंत शेजारी असतील तर तेथे जन्म होतो. सर्व घरांचा निर्णय एकाच वेळी होतो. म्हणून आधी पेन्सिलीने खुणा कराव्यात, मग चिंचोके हलवावेत.

चार चिंचोके २ × २ असे ठेवा. प्रत्येकाला ३ शेजारी, म्हणून सारे टिकतात. बाहेरच्या कोणत्याही घराला दोनापेक्षा जास्त शेजारी नाहीत, म्हणून जन्म नाही. हा 'ठोकळा' कायम तसाच राहतो.

आता एक चिंचोका उचला. उरलेल्या तिघांना प्रत्येकी २ शेजारी, ते टिकतात. रिकाम्या झालेल्या घराला ३ शेजारी. तेथे जन्म होतो. एका पिढीत ठोकळा पूर्ववत!

आता उलट करा. पूर्ण ठोकळ्याच्या एका कोपऱ्याबाहेर, तिरप्या घरात पाचवा चिंचोका ठेवा. त्या कोपऱ्याला ४ शेजारी झाले, तो मरतो. पाचव्याला एकच शेजारी; तोही मरतो. पण त्या दोघांनाही लागून असलेल्या दोन रिकाम्या घरांत जन्म होतो. पाच घरांची 'होडी' तयार होते. तीही स्थिरच (विद्यार्थ्यांनी शेजारी मोजून पडताळावे), पण ठोकळा मात्र परत येत नाही.

म्हणजे प्रश्न दोन आहेत. धक्का नसताना रचना टिकते का? आणि धक्क्यानंतर ती पूर्ववत होते का? दुसऱ्याचे उत्तर धक्का कोणता, यावर अवलंबून असते.

शेवटी तीन चिंचोके एका ओळीत ठेवा. आडवी ओळ उभी होते, उभी पुन्हा आडवी. दर २ पिढ्यांनी मूळ रूप परत येते. असे आवर्तन कितीही पिढ्यांचे असू शकते, हे २०२३ मध्ये सिद्ध झाले; १९ आणि ४१ पिढ्यांच्या रचना सर्वांत शेवटी सापडल्या. सतत हलणाऱ्या, तरीही कधीच न बदलणाऱ्या या ओळीला स्थिर म्हणायचे का? वर्गाला विचारून पाहा.