आज रात्री कॉलवर कोण?

पनवेलच्या हिरानंदानी फॉर्च्यून सिटीत 'योट्टा' कंपनीचं एनएम-१ हे डेटा सेंटर जुलै २०२० मध्ये सुरू झालं. ७,२०० रॅक आणि ५० मेगावॉट वीज अशी या एका इमारतीची क्षमता. दर्जा टिअर-४, म्हणजे वीजपुरवठ्यातलं किंवा कूलिंगमधलं कुठलंही एक यंत्र बंद पडलं तरी आतले सर्व्हर चालूच राहिले पाहिजेत. पण अशा इमारतीतल्या सर्व्हरवर चालणारं एखादं ॲपच रात्री अडीचला अडखळलं, तर टिअर-४ काही करू शकत नाही. तिथे माणूस उठवावा लागतो. तो कामोठ्यात किंवा खांदा कॉलनीत उशाशी फोन ठेवून झोपलेला असतो.

आयटीवाले त्याला 'आज कॉलवर असलेला' म्हणतात. कॉलवर कोण, हे ठरवणारी सॉफ्टवेअर वेगळी असतात. टोरांटोत २००९ साली सुरू झालेली पेजरड्यूटी त्यातली सर्वांत परिचित. आपल्याकडे बंगळुरूची झेनड्यूटी आहे. आता या वेळापत्रकांना प्रश्न विचारणारं नवं गिऱ्हाईक आलं आहे, ते म्हणजे एआय एजंट. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल', थोडक्यात एमसीपी, खुला केला. एजंटने बाहेरच्या सॉफ्टवेअरशी कसं बोलायचं, याची ती ठरलेली रीत. त्या रीतीने बोलणारा आपला सर्व्हर पेजरड्यूटीनेही खुल्या स्वरूपात दिला आहे.

काम ऐकायला क्षुल्लक वाटतं. पेमेंटची सेवा अडकली, एजंटने लॉग वाचले, डेटाबेसवर संशय आला. आता डेटाबेसवाल्यांपैकी कुणाला गाठायचं? असा सर्व्हर हाताशी नसेल तर एजंट जुन्या विकी पानावरचं नाव उचलतो, आणि ते गृहस्थ दोन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून पुण्याला गेलेले असतात. सर्व्हर असेल तर तो सेवेवरून एस्कलेशनचे नियम, म्हणजे आधी कुणाला आणि नंतर कुणाला गाठायचं याचा क्रम, शोधतो, त्यातली पहिली पायरी पाहतो आणि या क्षणी तिथे कोण आहे ते विचारतो. आठवड्याची पाळी एका थरात, शनिवार-रविवारची दुसऱ्या थरात, त्यावर ऐनवेळी केलेली अदलाबदल, म्हणजे 'ओव्हरराइड'. हे सगळं एकमेकांवर ठेवून जे उरतं ते अंतिम वेळापत्रक. ही बेरीज एजंटने स्वतः करायची नाही, तयार उत्तर मागायचं. भाषेत हुशार असलेली मॉडेल तारखांच्या हिशेबात अजून घसरतात.

आणि घसरायला जागा भरपूर आहे. पाळी बदलण्याची वेळ सॅन फ्रान्सिस्कोच्या घड्याळाने सकाळी नऊ ठरली असेल, तर उन्हाळ्यात ती आपल्याकडे रात्री साडेनऊला येते आणि नोव्हेंबरात तिथली घड्याळं मागे सरकली की साडेदहाला. आपलं घड्याळ बारा महिने एकच. त्यामुळे वर्षातून दोनदा एक तास असा येतो की पनवेलमधला इंजिनिअर पाळी संपली म्हणून गाढ झोपतो आणि वेळापत्रक मात्र त्याचंच नाव दाखवतं. किंवा याच्या उलट. एजंटने विचारताना टाइम झोन स्पष्ट लिहावा, हा नियम मी तरी सगळ्यांत वर ठेवेन.

दुसरी अडचण घड्याळाची नाही, गणपतीची आहे. कोकणात जाणाऱ्या गाड्या पनवेलला खच्चून भरतात त्या आठवड्यात पाळ्यांची सर्रास अदलाबदल होते. "तू माझे दोन दिवस बघ, दिवाळीत मी तुझे बघतो," एवढं व्हॉट्सॲपवर ठरतं आणि ओव्हरराइड टाकायचा राहून जातो. टीममधल्या माणसाला ते माहीत असतं. एजंटला नाही. तो छातीठोकपणे चिपळूणला आरतीला उभ्या असलेल्या माणसाचं नाव सांगतो, आणि वेळापत्रकाच्या हिशेबाने ते बरोबरच असतं.

मग एजंटलाच अदलाबदल नोंदवू द्यावी का? पेजरड्यूटीचा सर्व्हर मुळात फक्त वाचू देतो. लिहिण्याची मुभा हवी असेल तर सुरू करताना वेगळी सांगावी लागते. हा संकोच मला योग्य वाटतो. एजंटने ओव्हरराइडचा मसुदा करावा, दोघांना दाखवावा आणि दोघांचं 'हो' आल्यावरच तो टाकावा. रेल्वेत ड्रायव्हरला उठवायला घरी जाणारा कॉलबॉय कॉलबुकात त्याची सही घेऊनच परत फिरायचा. बोलावणं पोचलं, याला पुरावा तेवढाच.

नाव कळलं म्हणजे फोन लावायलाच हवा, असंही नाही. माणूस पहाटे तीनला कुणाला उठवताना दहादा विचार करतो, एजंट करत नाही. गूगलच्या इंजिनिअरांनी २०१६ च्या साइट रिलायबिलिटीवरच्या पुस्तकात बारा तासांच्या पाळीत दोनच घटना, ही मर्यादा सुचवली आहे. पेजरड्यूटीच्या त्याच सर्व्हरवरून एजंटला घटनांची यादीही मागता येते, म्हणजे या माणसाची झोप आज दोनदा मोडली आहे हे त्याला कळू शकतं. तिसऱ्या वेळी दुसऱ्या पायरीवरच्याला उठवायचं की सकाळपर्यंत थांबायचं, हे मात्र टीमने आधीच लिहून एजंटच्या सूचनांत घालावं लागतं. वेळापत्रकात ते सापडणार नाही.