नाव न सांगणारा पाहुणा

मुरगाव बंदराच्या वाटेवर एका खिडकीतून कोवळा स्वर आला आणि पाय थबकले. आमच्यासारख्या दरबारी गवयाच्या मुलास मोगूबाई कुर्डीकरच आठवायच्या! 1904 साली जन्मलेली ही गोव्याची मुलगी विशीच्या आत सांगलीस राहत होती. तिचा रियाज ऐकून रस्त्याने जाणारे एक वयस्क गृहस्थ आत आले नि शिकवू लागले. नाव सांगितले नाही. ते आपल्या करवीर दरबारचे अल्लादियाखाँसाहेब, हे तिला मागाहून कळले म्हणतात.

इथे मुलीचा निषाद किंचित उतरत होता. मी गाण्याचा मास्तर. सांगावे की नाही? तोच गाणे थांबले. तिने डोकावून विचारले, “कोण जाय तुमकां?”

“कोणी नाही, बाळ,” म्हणालो आणि बंदराकडे चालू लागलो.