शेजाऱ्याचा कुत्रा परसबागेत शिरतोय? भांडणाआधी हे करून बघा

पहाटे उठून बघावं तर मेथीचा वाफा उकरलेला, कोथिंबिरीवर कुत्रं लोळून गेलेलं आणि वांग्याची दोन रोपं मुळासकट आडवी. कुत्रं कुणाचं, हे सगळ्या वस्तीला ठाऊक असतं. पहिल्या दिवशी माणूस नुसता हाकलतो, चौथ्या दिवशी दगड उचलतो आणि आठव्या दिवशी दारात भांडण उभं राहतं. पाच-पन्नास रुपयांच्या भाजीपायी दोन घरांचं बोलणं बंद होतं. त्यात रागाच्या भरात कुणी विष घातलं किंवा कुंपणात करंट सोडला, तर ज्याचं नुकसान झालं तोच आरोपी ठरतो. म्हणून आधी काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे समजून घेतलेलं बरं.

कुत्रा येतो कशाला?

कुत्र्याला मेथी-कोथिंबीर खायची नसते. उन्हाळ्यात पाणी दिलेला वाफा गार असतो, म्हणून तो तिथे उकरून बसतो. खताच्या खड्ड्यात उष्टं, हाडं किंवा मासळीची घाण टाकली असेल, तर वासावर येतो. हाडांचा चुरा किंवा मासळीचं खत घातलेली माती तर तो हमखास उकरतो. कोंबड्या, उंदीर, मांजर यांच्या मागेही शिरतो. आपल्या घरची कुत्री माजावर आली असेल, तर आळीतले सगळे नर कुंपणाभोवती घिरट्या घालणारच. कारण कळलं की निम्मं काम होतं. उष्टं-खरकटं झाकून ठेवा, हाडं आणि मासळी खड्ड्यात टाकू नका, कोंबड्या रात्री खुराड्यात बंद करा.

आधी बोला, तेही नीट

पुष्कळदा मालकाला आपला कुत्रा रात्री कुठे जातो, याचा पत्ताच नसतो. मोबाईलवर दोन-तीन दिवसांचे फोटो काढून ठेवा. चारचौघांत न बोलता, चहाच्या वेळेला घरी जाऊन सांगा. ‘काका, तुमचा मोत्या रात्री आमच्या वाफ्यात येतोय. आठ दिवस रात्रीचा बांधून बघता का?’ एवढ्यावर बरीच प्रकरणं मिटतात. ‘तुमचं कुत्रं आवरा, नाहीतर...’ अशी सुरुवात केली, की समोरचाही हट्टाला पेटतो. मध्ये बांध किंवा सामाईक कुंपण असेल, तर जाळीचा खर्च निम्मा-निम्मा करायची तयारी दाखवा.

वाट बंद करा

कुत्रा बहुतेक वेळा कुंपणावरून उडी मारत नाही, खालून शिरतो. म्हणून जाळी कितीही उंच लावली आणि खाली वीतभर फट राहिली, तर पैसे पाण्यात. जाळीचा खालचा भाग फूटभर जमिनीत गाडा. खडकाळ जमिनीत ते जमत नसेल, तर जाळी आपल्या हद्दीत थोडी आत घ्या, तिचा खालचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूला वाकवून जमिनीवर पसरा आणि वर दगड रचा. उकरायला गेला की पंजाखाली जाळी लागते. जाळीला पैसे नसतील, तर बाभळीच्या किंवा बोरीच्या काटेरी फांद्या तळाशी घट्ट रचल्या तरी चालतं. नुकत्याच पेरलेल्या वाफ्यावर बी उगवेपर्यंत तुराट्या आडव्या टाकून ठेवा.

लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या टांगायची पद्धत सगळीकडे दिसते. पण कुत्र्याला लाल रंग नीट ओळखताच येत नाही. निळा दिसतो, पण बाटली निरुपद्रवी आहे हे त्याला लवकरच कळतं. मिरचीपूड वाऱ्यावर उडून घरच्याच पोरांच्या डोळ्यांत जाते. डांबरगोळ्या विषारी असतात, त्या भाजीच्या मातीत नकोत.

हे अजिबात करू नका

कुत्र्याला विष घालून मारणं किंवा जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय विष घातलेला तुकडा कुत्राच खाईल, याची खात्री नसते. कोंबडी खाते, मांजर खातं, एखादं लहान मूलही उचलतं. तारेत थेट लाईनचा करंट सोडणं तर त्याहून भयंकर. अशा तारेला चिकटून माणसं मेलेली आहेत आणि करंट सोडणाऱ्यावर मनुष्यवधाचे गुन्हे दाखल झालेले आहेत.

कायदा कुठे उपयोगी पडतो?

शेळी किंवा म्हैस पिकात शिरली तर कोंडवाड्यात घालता येते. पण कोंडवाड्याच्या १८७१ च्या कायद्यात गुरांच्या यादीत शेळ्या-मेंढ्या, डुकरं, अगदी हत्तीही आहे, कुत्रा मात्र नाही. वाफा उकरला म्हणून दिवाणी भरपाई मागता येते, पण खर्चाच्या मानाने ते परवडत नाही. त्यापेक्षा गावातली तंटामुक्ती समिती किंवा ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

कुत्रा अंगावर येत असेल, तर गोष्ट वेगळी. माणसाला धोका असूनही मालकाने बेफिकिरी केली, तर कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कुत्रा मोकाट असेल, तर २०२३ च्या नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण हा मार्ग आहे. त्याची मागणी ग्रामपंचायतीकडे करावी.

चावला तर वेळ घालवू नका

हाकलताना कुत्रा चावला किंवा नुसतं ओरखडलं, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि लसीचे सगळे डोस पूर्ण करा. रेबीज एकदा झाला, की माणूस वाचणं जवळपास अशक्य.

वाफ्यात कुत्र्याची विष्ठा दिसली तर हातमोजे घालून किंवा खोऱ्याने काढा, ती खताच्या खड्ड्यात टाकू नका. तिच्यातून जंतांची अंडी मातीत जातात. भाजी दोन-तीन पाण्यांनी धुऊनच चुलीवर जाऊ द्या.

उकरलेली मेथी पुन्हा पेरली, तर महिन्याभरात काढायला येते. शेजाऱ्याशी मोडलेलं बोलणं मात्र तसं लवकर उगवत नाही. आणि रात्री-अपरात्री घरात कुणी आजारी पडलं, तर आधी हाक त्याच शेजाऱ्याला मारायची असते.