विश्लेषण : प्रशिक्षक कोण हे स्टार खेळाडू ठरवतो का? बीडच्या अविनाश साबळेचे उदाहरण काय सांगते?

आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे स्टीपलचेसमध्ये देशाचा सर्वांत वेगवान धावपटू ठरला. त्याने एका परदेशी प्रशिक्षकाचा गट सोडला आणि त्या प्रशिक्षकाने पदच सोडले. मग प्रशिक्षक निवडताना शेवटचा शब्द कोणाचा?

नेमके काय घडले?

लष्करातील प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी साबळेला स्टीपलचेसकडे वळवले. पुढे राष्ट्रीय शिबिरात तो बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव्ह यांच्याकडे गेला. याच स्नेसारेव्ह यांच्या मार्गदर्शनाखाली साताऱ्याच्या ललिता बाबरने २०१६च्या रिओ ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठली होती. मात्र साबळेचे तिथे जमले नाही. तो पुन्हा अमरीश कुमार यांच्याकडे परतला. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्नेसारेव्ह यांनी राजीनामा दिला.

निर्णय योग्य ठरला का?

घड्याळ तरी साबळेच्या बाजूने होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये दोहा येथील जागतिक स्पर्धेत त्याने ८ मिनिटे २१.३७ सेकंद वेळ नोंदवून टोक्यो ऑलिम्पिकची पात्रता मिळवली. १९५२ नंतर या प्रकारात ऑलिम्पिक गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष.

मग स्नेसारेव्ह परत का आले?

टोक्योच्या तयारीसाठी साबळेसह इतर धावपटूंची जबाबदारी त्यांच्याकडे पुन्हा देण्यात आली. ते मार्च २०२१ मध्ये भारतात आले. पण काही दिवसांतच, ५ मार्चला पतियाळा येथे त्यांचे निधन झाले. नंतर अमेरिकेचे स्कॉट सिमन्स साबळेला लाभले. २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, अशी कमाई त्याने केली.

नियुक्तीचा अधिकार कोणाचा?

कागदोपत्री खेळाडूचा नाही. परदेशी प्रशिक्षकाचा करार राष्ट्रीय महासंघ आणि भारतीय क्रीडा प्राधिकरण (साई) यांच्यामार्फत होतो. पण पदकाची आशा एकाच खेळाडूवर असेल, तर त्याची नाराजी परवडत नाही.

सांघिक खेळात काय होते?

तिथे गुंता वाढतो. जून २०१७ मध्ये अनिल कुंबळे यांनी भारतीय क्रिकेट संघाचे प्रशिक्षकपद सोडले. कर्णधार विराट कोहलीला आपल्या शैलीबाबत आक्षेप असल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले. पुढच्याच महिन्यात रवी शास्त्री आले. एकट्या धावपटूने प्रशिक्षक बदलला, तर निकाल त्याच्याच नावावर लागतो. संघात मात्र एकाच्या पसंतीचा परिणाम उरलेल्यांवरही होतो.

धोका कुठे?

स्टार खेळाडूचे ऐकले जाते, नवोदिताचे नाही. प्रशिक्षक गेला की गटातील इतरांचा सरावही विस्कटतो. म्हणून खेळाडूचे मत विचारात घ्यावे. पण ते गटातील सगळ्यांचे असावे आणि करार करण्याआधीच विचारले जावे. भांडण झाल्यावर विचारण्यात अर्थ उरत नाही.